दगड पाण्यात काय सोडतो

(दृश्य : अंगणातल्या कट्ट्यावर दोन पांढरे दगड, अगदी जवळून. वरून लिंबाची फोड पिळली जाते.)

हे दोन दगड नीट बघा. दोन्ही पांढरे, दोन्ही मुठीएवढे, उजेडात धरले तर कडेकडेने थोडे आरपार दिसणारे. लिंबाचा रस डाव्या दगडावर पडला आणि ओघळून खाली गेला. उजव्यावर जिथे पडला तिथे बारीक बुडबुडे उठले, एकामागून एक, आणि कडेने पांढरा फेस धरला. डावा दगड गारगोटीचा. उजवा कॅल्साइट, म्हणजे चुन्याच्या जातीचा. दुकानात दोघांनाही 'क्रिस्टल' म्हणूनच विकतात.

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी अशा कुठल्याही बाजारपेठेत रंगीत माशांचं दुकान शोधायला फार फिरावं लागत नाही. तिथे मासे निवडायला माणूस तासभर घालवतो. कुठला मासा तरतरीत, कुणाची शेपटी फाटलेली, सगळं निरखून बघतो. दगड मात्र निघता निघता उचलतो. "काका, हे निळे पण अर्धा किलो द्या." आज आपण माशांच्या टाकीत जाणाऱ्या त्या अर्ध्या किलोबद्दल बोलणार आहोत.

(दृश्य : जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेली विहीर. कळशी वर येते.)

दगडाआधी पाण्याकडे बघू. कोकणात पाऊस धो धो पडतो आणि जांभ्यातून झिरपत विहिरीत उतरतो. जांभा म्हणजे मुख्यतः लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं. वाटेत या पाण्याला चुना फारसा भेटतच नाही. म्हणून जांभ्याच्या विहिरीचं पाणी सहसा मृदू असतं, थोडं आम्लाकडे झुकलेलं. साबणाला भरपूर फेस येतो, तांब्याभांड्यांवर पांढरा थर बसत नाही. खाडीकाठच्या मचूळ विहिरी अर्थात वेगळ्या.

पिण्याला हे पाणी गोड. पण टाकीत एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. अशा पाण्यात क्षार कमी, त्यामुळे त्याचा सामू, ज्याला आपण पीएच म्हणतो, चटकन हलतो. पाणी जितकं आम्ल, तितका हा आकडा खाली. देशावरच्या बोअरच्या जड पाण्यात कॅल्साइटचा तुकडा टाकला तर फारसं काही बिघडत नाही, कारण त्या पाण्यात चुना आधीच मुरलेला असतो. तोच तुकडा आपल्या मृदू पाण्यात विरघळत राहतो. मासे श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड सोडतात, पाणी किंचित आंबट होतं, तेवढ्यानेही दगड झिजतो. आठवड्या-दोन आठवड्यांत पाणी जड होतं, सामू चढतो, आणि पाणी तर दिसायला काचेसारखं स्वच्छच असतं. दोन फुटी टाकीत पाणी ते किती? भरून जेमतेम 50 ते 55 लिटर. एवढ्याशा पाण्यात एक चुकीचा दगडही खूप होतो. म्हणून देशावरच्या माणसाने सांगितलेला दगड आपल्याकडे तसाच चालेल असं धरून चालू नये.

आता हा चुना वाईटच का? तसं नाही. मॉली आणि गप्पींना जड पाणी मानवतं. आफ्रिकेतल्या मलावी आणि टांगानिका सरोवरांतले सिक्लिड पाळत असाल, तर चुनखडीचा दगड तुम्ही मुद्दाम आणून घालाल. पण निऑन टेट्रा, डिस्कस, हे अ‍ॅमेझॉनच्या मृदू पाण्याचे मासे. त्यांना आपलं विहिरीचं पाणी जवळजवळ माहेरचं, आणि ते आपण हाताने बिघडवायचं हे मला पटत नाही.

(दृश्य : उन्हाळ्यातलं नदीपात्र. सुकलेले काळे, करडे गोटे.)

मग कोणता दगड? माझं मत स्पष्ट आहे. कोकणात राहणाऱ्याने पहिल्यांदा नदीकडे जावं. सह्याद्रीतून उतरणाऱ्या काजळी, शास्त्री, वाशिष्ठी या नद्या काळा दगड घासत घासत खाली आणतात. हा बेसॉल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पाण्याने कडा मारलेला, हाताला गुळगुळीत, आणि पाण्यात स्वतःचं जवळजवळ काहीच न सोडणारा. ओला झाला की त्याचा काळा रंग असा खुलतो की त्याच्यापुढे लाल-पिवळे मासे उठून दिसतात. दुकानातल्या निळ्या खड्यांना हे कधी जमलेलं नाही.

एकच सांभाळा. हा गोटा जवळ घेऊन फिरवून बघा. यात ही पांढरी शीर दिसते? आणि इथे, तिळाएवढे पांढरे ठिपके? लाव्हा थंड होताना आत वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत खनिजं साचली. कधी ती गारगोटीच्या जातीची असतात, कधी झिओलाइट, कधी कॅल्साइट. सुरीचं टोक शिरेवर ओढा. ओरखडा उठला तर शीर मऊ आहे, त्या ओरखड्यावर लिंबू पिळा. फेस आला की गोटा परत नदीत. गारगोटीवर सुरीचा ओरखडा उठत नाही, कारण कठीणपणाच्या मोहस् मापात गारगोटी 7, साधी सुरी साडेपाचच्या आसपास, आणि कॅल्साइट अवघा 3. खिशातली सुरी आणि घरचं लिंबू, एवढ्यावर निम्मी परीक्षा होते.

गोटे आणायचे ते उन्हाळ्यात, सुकलेल्या पात्रातून, आणि ओंजळभरच. पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला पऱ्यांमध्ये, म्हणजे लहान ओढ्यांमध्ये, वर चढतात. त्या दिवसांत दगड उलथेपालथे करणं म्हणजे टाकीतल्या माशांसाठी पऱ्यातल्या माशांचं घर मोडणं. आणि ज्या पऱ्याच्या वर सुपारीची बाग असेल, फवारणीचं पाणी ज्यात उतरत असेल, तिथला दगड घेऊच नका.

(दृश्य : चिरेखाण. लाल धूळ.)

जांभ्याचं काय, असं कोकणात विचारलं जाणारच. जांभा विषारी नाही, त्याला लिंबाने फेसही येत नाही. पण त्याची भोकं माशांचं उरलेलं खाणं धरून ठेवतात, कुजवतात. लाल भुकटी धुवून धुवून संपत नाही, आणि खरबरीत कडांवर मासे अंग घासून घेतात. दर्शनी ठेवायला मी तो निवडणार नाही. पाणवनस्पती वाढवणारे मात्र लॅटेराइटचा, म्हणजे जांभ्याचाच, चुरा वाळूच्या थराखाली घालतात. मुळांना लोह मिळतं. तुमच्या टाकीत झाडं असतील तर हा उपयोग चांगला. पडक्या घराचा चिरा घेऊ नका. त्याला चिकटलेला चुना, सिमेंट पाण्याचा सामू वर नेतं. आणि सड्यावरचा, म्हणजे जांभ्याच्या पठारावरचा, कातळ कुणीही फोडू नये. रत्नागिरी, राजापूरच्या सड्यांवर ती कातळशिल्पं आहेत, जी 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. कुठल्या कातळावर काय कोरलंय, हे गवत आणि मातीखाली दिसतही नाही.

(दृश्य : किनारा. शिंपल्यांचा पट्टा.)

समुद्राकडे वळू. मुलं शिंपल्या गोळा करतात आणि थेट टाकीत टाकतात. पूर्वी याच शिंपल्या भट्टीत भाजून घरं बांधायचा चुना करत. म्हणजे शिंपली ही चुन्याचीच, आणि गोड्या पाण्याच्या टाकीत ती कॅल्साइटचंच काम करते. किनाऱ्यावरच्या वाळूतही शिंपल्यांचा चुरा मिसळलेला असतो. काळबादेवी, मालगुंडच्या बाजूची काळसर वाळू दिसायला देखणी. ती इल्मेनाइटची, लोह आणि टायटॅनियमची. पण मूठभर घेऊन लिंबू पिळलंत तर शिंपल्यांचे कण फसफसतील. पांढरी वाळू हवी असेल तर कणकवली तालुक्यातल्या कासार्डे भागात निघते तशी सिलिका वाळू बरी. ती गारगोटीचीच बारीक रूपं.

प्रवाळाबद्दल मात्र सौम्य बोलून चालणार नाही. प्रवाळ, समुद्रपंखे हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. मालवणच्या समुद्रात सुमारे 29 चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे. तिथून, किंवा कुठूनही, प्रवाळाचा तुकडा शोभेसाठी आणणं हा गुन्हा आहे. कुणी विकायला बसला असेल तरी घेऊ नका.

(दृश्य : दुकानातले रंगीबेरंगी स्फटिक. कॅमेरा एकेकावर थांबतो.)

आता बाजारातले स्फटिक. गारगोटीचं घराणं मोठं आहे. पारदर्शक स्फटिक, जांभळा अ‍ॅमेथिस्ट, गुलाबी रोझ क्वार्ट्झ, अकीक, जास्पर. ही सगळी मुळात सिलिका, पाण्यात न विरघळणारी. ही चालतात. फक्त रंग खरा आहे का ते बघा. झगझगीत गुलाबी किंवा निळाशार अकीक बहुतेकदा रंगवलेला असतो. पांढऱ्या कापसावर थोडं नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन घासा, कापूस रंगला तर दगड कपाटात ठेवा. सप्तरंगी चमक असलेल्या स्फटिकावर धातूचा पातळ लेप दिलेला असतो. तोही टाकीत नको. टोकदार स्फटिक खरा असला तरी फायटरच्या झुपकेदार परांना आणि बाहेर आलेल्या डोळ्यांच्या गोल्डफिशला इजा करतो. गोल घासलेलेच घ्या.

निळ्या-हिरव्या खनिजांशी मात्र जपून. आपल्याकडे बागायतदाराला मोरचूद सांगावं लागत नाही. बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी घरात असतंच, आणि तो निळा खडा दिसतो किती सुंदर! ते तांब्याचं संयुग. थोडंसं पाण्यात गेलं तरी कोळंबी आणि गोगलगायी मरतात, माशांचे कल्ले बिघडतात. मॅलाकाइट आणि अझुराइट हीसुद्धा तांब्याचीच खनिजं. सोन्यासारखा चमकणारा पायराइट पाण्यात गंजतो आणि आम्ल सोडतो. जड, रुपेरी गॅलेना शिशाचं. सिनाबारमध्ये पारा. सेलेनाइटचा पांढरा दांडा म्हणजे जिप्सम, नखाने ओरखडा पडतो इतका मऊ, आणि लिटरभर पाण्यात सुमारे 2 ग्रॅम विरघळणारा. म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसचा किल्ला किंवा गुहाही नकोच, ते त्याच कुळातलं. मुलांनी शाळेच्या प्रयोगात वाढवलेला तुरटीचा स्फटिक पाण्याला आम्लाकडे ओढतो. पावसाळ्यात गढूळ पाणी निवळायला तुरटी फिरवलेली असेल, तर तेही पाणी टाकीला वापरू नका.

महाराष्ट्राच्या काळ्या दगडात सापडणारे स्टिलबाइट, अपोफिलाइट जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडलेले आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतला निळा कॅव्हनसाइट तर जगप्रसिद्ध. पण त्यात व्हॅनेडियम हा धातू आहे, आणि इतरांच्या बुडाशी बहुधा कॅल्साइट चिकटलेला असतो. यांची जागा कोरड्या काचेत. ज्या दगडाचं नाव दुकानदारालाच सांगता येत नाही, तो स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

(दृश्य : पडवीत दोन बादल्या. एकीत दगड, दुसरी नुसत्या पाण्याची.)

लिंबाने सगळं कळत नाही. तांबं किंवा शिसं असलेला दगड फसफसेलच असं नाही. म्हणून खनिज ओळखणं पहिलं, आणि त्यानंतर ही बादलीची परीक्षा. ज्या विहिरीचं पाणी टाकीत जाणार, तेच दोन बादल्यांत भरा. एकीत दगड. दोन्ही झाकून आठवडाभर ठेवा. मग टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, आणि पीएचची पट्टी दोन्हींत बुडवा. दगडाच्या बादलीचा आकडा दुसरीपेक्षा बराच चढला असेल, तर तो दगड पाण्यात काहीतरी सोडतोय. पाण्यावर तेलकट तवंग, रंग किंवा वास आला तरी तो बाद.

पास झालेले दगड ब्रशने घासा. साबण, डिटर्जंट बिलकूल नको. वरून कढत पाणी ओता, पण दगड चुलीवर उकळू नका. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन तो तडकू शकतो. मग चार दिवस कडक ऊन द्या.

मांडताना मोठा दगड आधी ठेवा, थेट तळाच्या काचेवर, खाली फोमची पातळ शीट घालून. वाळू नंतर. वाळूवर रचलेला दगड माशांनी खाली उकरलं की कलतो, आणि बेसॉल्ट पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड असतो. काच एका धक्क्यात जाते. गोल्डफिश असतील तर वाटाण्याएवढे खडे टाळा. ते तोंडात घेऊन चघळतात, आणि खडा घशात अडकतो. एक तर बारीक वाळू, नाहीतर त्यांच्या तोंडात न मावणारे गोटे.

नवा दगड घातल्यावर मासे वर येऊन हवा गिळू लागले, पर मिटून कोपऱ्यात थांबले, तर वाट बघू नका. दगड काढा आणि त्याच विहिरीच्या पाण्याने रोज पाव टाकी पाणी बदला. एकदम सगळं बदललंत तर त्या धक्क्यानेही मासा जातो. दगड निळा-हिरवा असेल आणि तांब्याचा संशय असेल, तर मासे लगेच वेगळ्या टबात हलवा, फिल्टरमध्ये नवा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घाला, आणि वाळू बदलल्याशिवाय त्या टाकीत कोळंबी किंवा गोगलगायी सोडू नका.