बर्फाचे पोकेमॉन: मारायला जबर, झेलायला नाजूक

नमस्कार श्रोतेहो. पोकेमॉनच्या खेळात प्रत्येक प्राण्याला एक-दोन टाईप, म्हणजे जाती असतात; त्यातला आइस, म्हणजे बर्फाचा टाईप बचावाला किती लंगडा आहे, ते आधीच सांगून टाकतो. फायर, फायटिंग, रॉक आणि स्टील या चौघांचा मारा त्याला दुप्पट लागतो आणि कमी लागतो तो फक्त आइसचाच. हल्ल्याला मात्र हाच टाईप ग्रास, ग्राउंड, फ्लाइंग आणि ड्रॅगनवर दुप्पट चालतो. तेव्हा आवडता बर्फाळ पोकेमॉन निवडताना एवढंच बघायचं, की कोसळण्याआधी तो काय करून जातो.

या कसोटीवर आमचा पहिला मान मॅमोस्वाइनला. स्वायनब लेव्हल ३३ला पायलोस्वाइन होतो आणि तिथेच बरेचजण अडकतात, कारण पुढे नुसती लेव्हल वाढवून काही होत नाही. त्याला एन्शंट पॉवर ही मूव्ह, म्हणजे डाव, येत असली पाहिजे. ती आठवणीतल्या मूव्हमधून परत शिकवा आणि मग एक लेव्हल वाढवा, झाला मॅमोस्वाइन. त्याची खरी मजा आइस शार्डमध्ये आहे. या मूव्हची ताकद जेमतेम ४०, पण ती आधी लागते. समोर गार्चॉम्प असेल तर तो मॅमोस्वाइनपेक्षा चपळ असूनही शार्ड आधी खातो. स्वतःच्या टाईपची मूव्ह म्हणून दीडपट आणि ड्रॅगन-ग्राउंडवर चौपट, म्हणजे ४०चे २४० झाले! शिवाय शार्ड अंगाला न भिडता लागते, त्यामुळे गार्चॉम्पच्या रफ स्किनचे ओरखडेही येत नाहीत. जोडीला अर्थक्वेक ही ग्राउंडची मूव्ह ठेवा. आइसला छळणारे फायर, रॉक आणि स्टील तिने गार होतात. अबिलिटी, म्हणजे अंगभूत गुण, थिक फॅट असेल तर फायरचा मारा निम्मा होतो. पाणी आणि गवतापासून मात्र जपा, ती दुखणी त्याच्या दुसऱ्या, ग्राउंड टाईपमुळे आलेली आहेत.

दुसरी अलोला या खेळातल्या प्रदेशाची नाइनटेल्स. हिची लपलेली अबिलिटी स्नो वॉर्निंग. मैदानात येताच बर्फ पडायला लागतो. बर्फ पडत असतानाच ऑरोरा व्हेल, म्हणजे समोरच्याचा मारा कमी करणारा पडदा, लागतो, एरवी ती मूव्ह फुकट जाते. व्हेल ५ टर्न टिकतो, हातात लाइट क्ले ही वस्तू असेल तर ८. एकदा लागला की बर्फ थांबला तरी हटत नाही. २०२२च्या स्कार्लेट आणि व्हायोलेट या खेळांपासून बर्फात आइस टाईपचा डिफेन्स दीडपट होतो. गारांच्या जुन्या हवामानात ही सोय नव्हती.

घोटाळा होतो तो पहिल्याच टर्नला. नाइनटेल्स आणि टायरॅनिटार एकदम उतरले तर चपळ नाइनटेल्सचा बर्फ आधी सुरू होतो आणि मागून टायरॅनिटारचं वाळूचं वादळ तो पुसून टाकतं. हवामानात जो मंद, त्याचं शेवटी चालतं. पाऊस आणणारा पेलिपर, ऊन आणणारा टॉर्कोल समोर असतानाही हेच. अशा संघापुढे तिला सुरुवातीला काढूच नका. त्यांचं हवामान लागून गेलं की मग आणा.

क्लॉइस्टरबद्दल थोडक्यात. अबिलिटी स्किल लिंकच हवी, म्हणजे आइसिकल स्पिअरचे पाचही वार लागतात. २५ पाचा, १२५. आधी शेल स्मॅश, त्याने हल्ला आणि चपळाई वाढते, पण बचाव घटतो. स्पेशल डिफेन्स मुळातच ४५, तो शेल स्मॅशने आणखी घसरतो, म्हणून ही घसरण भरून काढणारी व्हाइट हर्ब हातात द्या.

आणि आर्टिक्युनो? दिसायला राजा, पण समोरच्याने स्टेल्थ रॉक, म्हणजे मैदानात येणाऱ्याला टोचणारे रॉक टाईपचे दगड, टाकले असतील तर मैदानात पाऊल ठेवताच अर्धा जीव गेला. २०१९च्या स्वॉर्ड आणि शील्डपासून हेवी-ड्यूटी बूट्स मिळतात, ते घातले तर एक टक्काही जात नाही. मॅमोस्वाइनला या दगडांनी आठवा हिस्साच जातो, त्याला बुटांची गरज नाही. नाइनटेल्सचा पाव जीव जातो आणि तिचा हात लाइट क्लेने भरलेला, म्हणून तिच्या संघात रॅपिड स्पिनने दगड झाडणारा कुणीतरी हवाच.