कऱ्हाडची माती, चुलवणाची राख

[दृश्य : संगम, उसाची शेते, कुंभारआळीतील घर]

कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन एकमेकींना मिळतात आणि एक होऊन पुढे वाहू लागतात. त्यांनी आणून टाकलेल्या गाळावर या तालुक्यातील ऊस पोसला गेला, वीटभट्ट्या चालल्या आणि कुंभारांची चाकेही फिरत राहिली. संगमापासून थोड्या अंतरावरील एका गावात, कुंभारआळीच्या टोकाच्या घरात, आज दोन तऱ्हांची कामे एकाच छपराखाली चालतात. पुढच्या पडवीत सासरे, ज्यांना घरात सगळे मामा म्हणतात, संक्रांतीची सुगडी, नवरात्राचे घट आणि बेंदराचे, म्हणजे बैलांच्या सणाचे, मातीचे बैल घडवतात. मागे, जिथे पूर्वी गोठा होता त्या खोलीत, त्यांच्या सूनबाई उच्च तापमानाला भाजलेली शोभेची भांडी आणि भिंतीवर लावायचे फलक तयार करतात. हा लघुपट त्या मागच्या खोलीचा आहे. मात्र तेथील कामाला लागणारे बरेच काही पुढच्या पडवीतून, शेजारच्या गुऱ्हाळातून आणि गावाबाहेरच्या खडी क्रशरवरून येते, हे आरंभीच सांगायला हवे.

[दृश्य : मामा माती तुडवताना]

मामांची माती नदीकाठच्या मळईची आणि तळ्यातल्या गाळाची असते. शेतातील निव्वळ काळी माती कुंभारकामाला चालत नाही, कारण सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची, झीज होऊन बनलेली ही माती पाणी शोषून फुगते आणि वाळताना तेवढीच आक्रसते. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या याच गुणामुळे, आणि मडके निव्वळ त्या मातीचे केले तर त्यालाही त्या चुकणार नाहीत. म्हणून तिच्यात गाळवट, घोड्याची लीद किंवा राख मिसळायची, हौदात भिजवायची, गाळून घ्यायची आणि पायांनी तुडवायची. गाळताना मामांची नजर चुनखडीच्या खड्यांवर असते. ज्वारीच्या दाण्याएवढा खडा जरी आत राहिला, तरी आव्यात, म्हणजे मडकी भाजण्याच्या भट्टीत, त्याचा कळीचा चुना होतो. भांडे बाहेर आल्यावर तो हवेतील ओल शोषून फुगतो आणि वरचा टवका उडवतो, आणि हे बरेचदा भांडे गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यानंतर घडते. मामांचा आवा साधारण 700 ते 900 अंश सेल्सियसपर्यंत तापतो. त्यात भाजलेले भांडे सच्छिद्र राहते. माठातले पाणी गार होते ते त्यामुळेच.

सूनबाईंना हवे होते ते याहून वेगळे, म्हणजे पाणी न पिणारे, टणक आणि काचेच्या थराने झाकलेले भांडे. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर येथे (आपल्या विट्याजवळचे खानापूर नव्हे) खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्था आहे. तेथे शिकून आल्यावर विजेचे चाक आणि बंद भट्टी या घरात आली. स्टोनवेअर म्हणून ओळखले जाणारे हे काम साधारण 1200 ते 1300 अंशांना भाजले जाते, आणि तेथेच घरच्या मातीची अडचण होते. तिच्यातील लोह आणि चुना वितळण्याला इतकी मदत करतात की 1220 अंशांना भांडे आधी बसते, मग फुगते आणि शेवटी भट्टीतील फळीवर पसरते. त्यामुळे अंगाची, म्हणजे ज्याचे भांडे घडते ती, माती बाहेरून आणावी लागते. बिकानेरकडील चिकट बॉल क्ले, पांढरी चायना क्ले, वितळायला मदत करणारे राजस्थानातील फेल्डस्पार हे खनिज आणि क्वार्ट्झची, म्हणजे गारगोटीची, पूड यांचे ते मिश्रण असते.

परंतु जी माती भांडे म्हणून उभी राहत नाही, तीच माती भांड्यावरचा थर म्हणून अतिशय देखणी दिसते. ग्लेझ, म्हणजे झिलई, ही मुळात भांड्यावर वितळून बसलेली काच असते. वाळूतील सिलिका तिला काचपण देते, मातीतील अ‍ॅल्युमिना तिला खाली ओघळू देत नाही, आणि चुना, पोटॅश किंवा सोडा यांसारखे द्रावक तिला वितळवते. मामांच्या गाळात हे तिन्ही घटक आधीपासूनच आहेत. तो गाळ बारीक चाळून पाण्यात कालवला, पांढऱ्या स्टोनवेअरवर पातळ चढवला आणि भट्टी पुरेशी तापवली, की गुळाच्या काकवीच्या रंगाची चकचकीत झिलई मिळते. या घरातील शोभेच्या कामाची घडण येथून सुरू झाली, आणि माझ्या मते तिचे वेगळेपणही येथेच आहे. शोभेच्या वस्तू म्हणून बाजारात जी भाजक्या मातीवर ऑइलपेंट फासलेली फुलदाणी मिळते, तिचा रंग दोन पावसाळ्यांत पोपडे धरतो. येथे रंग वेगळा लावलेला नसतो, तो मातीबरोबर शिजलेला असतो.

[दृश्य : खडी क्रशर, गुऱ्हाळ, काहिलीखालचे चुलवण]

एका झिलईवर भागत नाही, म्हणून शोध सुरू झाला. क्रशरवर खडीबरोबर जी डस्ट पडते ती बेसाल्टचीच असते; तिच्यात निम्म्याच्या आसपास सिलिका, शिवाय भरपूर लोह आणि चुना. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून वाहिलेला हा दगड भट्टीत 1200 अंशांच्या पुढे पुन्हा वितळू लागतो आणि गडद तपकिरी ते काळी झिलई देतो. दुसरी वस्तू गुऱ्हाळातून येते. काहिलीखालच्या चुलवणात उसाची वाळलेली चिपाडे जाळतात, आणि त्यांच्या राखेत सिलिकेचे प्रमाण मोठे असते. ही राख दोन-तीन पाण्यांतून धुवून घ्यावी लागते, कारण तिच्यातील विरघळणारा क्षार हाताची साल काढतो. राख धुताना सूनबाई हातमोजे विसरत नाहीत.

गाळ, दगडाची पूड आणि राख या तिघांचे प्रमाण अंदाजाने ठरत नाही. त्यासाठी त्रिकोण मांडतात. प्रत्येक कोपऱ्यावर एक पदार्थ शंभर टक्के, आणि एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे जाताना वीस-वीस टक्क्यांची पायरी, असे केले की 21 मिश्रणे तयार होतात. पायरी दहाची केली तर 66. प्रत्येक मिश्रणाची एक छोटी उभी पट्टी. पट्टी उभी अशासाठी की झिलई किती ओघळते ते दिसावे. तिच्या मागे लोहाच्या काळ्या रंगाने क्रमांक लिहिलेला, आणि तोच क्रमांक वहीत. राख वाढली की झिलईतून पावसाच्या ओघळांसारख्या रेषा उतरतात, दगडाची पूड वाढली की काळा रंग दाट होतो. कधी झिलईवर बारीक केसतडे जातात, कारण थंड होताना झिलई अंगापेक्षा जास्त आक्रसते. त्यावर उपाय म्हणून सिलिका वाढवावी लागते, आणि ती देण्यासाठी चिपाडांची राख हाताशी असतेच.

[दृश्य : मागची खोली, सकाळ]

घरातच कारखाना असला की कामाचे तास घराच्या तासांना जोडावे लागतात. पोरे शाळेत गेल्यावर चाक, दुपारी चाकावरून उतरलेल्या भांड्यांची तासणी, आणि रात्री भट्टी, कारण रात्री विजेचा दाब बऱ्यापैकी स्थिर राहतो. खोलीत केरसुणी चालत नाही. फरशी ओल्या फडक्यानेच पुसली जाते, कारण सिलिकेची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली तर फुप्फुसे कायमची निकामी करते. कोरडी पूड वजन करताना तोंडाला मास्क असतो. स्वयंपाकघरातले एकही पातेले या खोलीत येत नाही आणि येथले तिकडे जात नाही, यावर सासूबाईंचा पहारा आहे. रंगासाठी वापरायचे तांबे, कोबाल्ट आणि मँगनीज पोटात जाता कामा नये. ज्या झिलईवर लिंबाची फोड रात्रभर ठेवल्यावर डाग पडतो, ती फक्त फुलदाणीला आणि फलकाला जाते. ताकाच्या किंवा आमटीच्या वाडग्याला ती कधीच लागत नाही.

सजावटीचे खरे शास्त्र मात्र ओलीचे आहे. भांडे ओले असताना त्यावर उसाचे पान दाबले तर शिरा उमटतात, पण तेव्हा कोरायला गेले तर कडा फाटतात. माती चामट झाली, म्हणजे दाबली तरी आकार सोडीना पण नखाने ओरखडा घेईल अशी झाली, की तिच्यावर मामांच्या गाळाचा पातळ घोळ ब्रशने चढवायचा आणि तो ओढून आल्यावर सुईने रेषा खरवडायच्या. लाल थराखालचे पांढरे अंग उघडे पडते. कासच्या पठारावर भाद्रपदात फुलणाऱ्या तेरड्याच्या आणि सीतेच्या आसवांच्या नक्षी येथे अशाच खरवडून काढलेल्या आहेत. हा अवसर चैत्र-वैशाखाच्या वाऱ्यात काही तासांत संपतो, म्हणून भांडी ओल्या गोणपाटाखाली ठेवतात. आषाढात उलट, दोन-दोन दिवस माती चामट व्हायलाच तयार नसते.

[दृश्य : भट्टी भरताना, तापमानाचे आकडे]

पहिली भाजणी झिलईशिवाय, साधारण 950 अंशांना होते. सहाशे अंशांपर्यंत ताशी शंभरच्या आसपास, त्याहून वेगाने नाही. आधी उरलेली ओल वाफ होऊन जाते, पुढे 450 ते 600 अंशांच्या दरम्यान मातीच्या रेणूंतले पाणी सुटते, आणि 573 अंशांना क्वार्ट्झची घडण बदलून ते अचानक प्रसरण पावते. उतरताना हाच टप्पा उलट ओलांडायचा असतो, म्हणून भट्टी थंड होण्याआधी झाकण उघडण्याची घाई महागात पडते. झिलईची भाजणी 1220 ते 1240 अंशांची असते. विजेच्या भट्टीत प्राणवायू भरपूर असल्याने तांबे हिरवे उमटते. तांबड्या रंगासाठी धुराची भट्टी हवी, आणि आळीत तेवढा धूर कोणी खपवून घेणार नाही. बाहेर आलेले भांडे मामा पहिल्यांदा बोटाच्या पेराने ठोकतात. खणखणीत वाजले तर ठीक. बद्द आवाज आला, तर डोळ्यांना न दिसणारा तडा आहे असे समजायचे. गोरोबाकाकांच्या थापटण्याची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही परीक्षा नवी वाटणार नाही.

[दृश्य : जमिनीवर मांडलेला बैलाचा फलक]

सध्या खोलीत एका घराच्या ओसरीसाठी फलक आकार घेत आहे. विषय बेंदराच्या बैलाचा, म्हणजे पडवीतलाच. वाळून आणि भाजून माती साधारण बारा टक्के आक्रसते, त्यामुळे 90 सेंटिमीटरचा बैल हवा असेल तर तो 102 सेंटिमीटरचा काढावा लागतो. एवढी अखंड पाटी भट्टीत मावत नाही आणि मावली तरी वाकडी होईल, म्हणून चित्र तुकड्यांत कापले आहे. चिरा सरळ नेण्याऐवजी झुलीच्या काठावरून आणि मानेच्या वळीवरून नेल्या आहेत, जेणेकरून सांधे रेषेतच मुरतील. अंग पांढरे, कारण बैल खिलार. झूल मामांच्या गाळाची, शिंगे आणि खूर क्रशरच्या डस्टचे.

मामांनी कच्चा फलक पाहिला आणि दोन गोष्टी सांगितल्या. वशिंड बरे उतरले आहे, पण शिंगे फार सरळ गेली आहेत. खिलाराचे शिंग मागे वळून वर चढते. शिंगांचे तुकडे अजून ओल्या गोणपाटाखाली होते, तेव्हा ते मोडून माती पुन्हा मळली, आणि नवी शिंगे कापताना फर्मा मामांच्या हातात होता.