गेट परीक्षेला कोणत्या वर्षी बसावे?

श्रोतेहो, नमस्कार. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या आणि पुढे एम.टेक. करण्याचे मनात असलेल्या मुलामुलींशी आज मला बोलायचे आहे.

एम.टेक.च्या प्रवेशासाठीची गेट परीक्षा वर्षातून एकदाच, साधारणतः फेब्रुवारीत होते. २०२१ पासून तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही तिला बसता येऊ लागले आणि तेव्हापासून ‘अनुभव म्हणून एकदा देऊन बघ’ असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका मोफत मिळतात. घड्याळ लावून, तीन तास जागेवरून न उठता त्या सोडवल्या, तर हवा तो अनुभव घरीच मिळतो. उलट अर्धवट तयारीने मिळवलेले कमी गुण पाहून चांगली मुले एम.टेक.चा विचारच सोडून देतात, याचे मला फार वाईट वाटते.

मात्र नीट तयारी करून तिसऱ्या वर्षी बसणे निश्चितच शहाणपणाचे आहे. गेटचा स्कोअर निकालापासून तीन वर्षे ग्राह्य असतो, म्हणजे तिसऱ्या वर्षी मिळालेला चांगला स्कोअर पदवीनंतर लगेचच्या आणि त्यापुढच्या वर्षीच्याही प्रवेशाला चालतो, आणि प्लेसमेंट व प्रकल्प यांच्या धावपळीचे शेवटचे वर्ष काहीसे मोकळे होते.

मग तयारी पुरी होईल की नाही, हे कसे ठरवावे? अर्ज भरण्याआधी, म्हणजे ऑगस्टच्या सुमारास, आपल्या शाखेचा अभ्यासक्रम समोर घेऊन बसा. शंभरपैकी १५ गुण सामान्य क्षमतेचे आणि बहुतेक शाखांत सुमारे १३ गुण गणिताचे असतात. हे गणित बहुतेकांचे दुसऱ्या वर्षापर्यंत शिकून झालेले असते. खरा प्रश्न उरलेल्या ७२ गुणांचा आहे, कारण फेब्रुवारीपर्यंत तुमची पाचच सत्रे पूर्ण होतात. सहाव्या आणि सातव्या सत्रातील एखाद-दोन विषय स्वतः वाचून होतील. चार-पाच राहिले असतील, तर यंदा अर्ज भरू नका. शिवाय पाचव्या सत्राची परीक्षा डिसेंबरपर्यंत लांबली, तर उजळणीला जेमतेम महिना उरतो, हेही लक्षात घ्या.

ज्यांना सार्वजनिक उपक्रमांत नोकरी हवी आहे, त्यांचा हिशेब निराळा आहे. यांपैकी अनेक उपक्रम भरतीसाठी जाहिरातीत नमूद केलेल्या वर्षाचाच स्कोअर धरतात. त्यामुळे तिसऱ्या वर्षी उत्तम गुण मिळाले, तरी त्यांना शेवटच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसावेच लागेल.