पोटात शिरलेली थंडी आणि 1800 वर्षं जुना काढा

(दृश्य : औषधांच्या दुकानातली लाकडी खणांची भिंत)

चिनी औषधांच्या जुन्या दुकानात शिरलात की समोर ही अशी भिंत असते, खालपासून पार वरपर्यंत नुसते खणच खण, आणि काउंटरमागचा माणूस फारसं न शोधता बरोबर तोच खण ओढतो, छोट्या काट्यावर तोलतो आणि कागदावर ओततो. आज या कागदावर चारच वस्तू पडणार आहेत. जिनसेंगच्या मुळाचे काप, बाइझू नावाच्या दुसऱ्या एका मुळाचे काप, मधात परतलेला ज्येष्ठमध, आणि चौथी आपल्या सगळ्यांच्या घरातली, सुंठ. मूळ पाठात चारही सारख्या वजनाच्या. याचं नाव लीझोंग.

हे कुणासाठी? ज्याचं पोट कायम गार असतं, खाल्लेलं पडून राहतं, शौचाला पातळ होतं, आणि पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवली की लगेच बरं वाटतं अशा माणसासाठी. चिनी वैद्य आधी जीभ बघतो, ती फिकट हवी, वर पांढरा थर, कडेला दातांचे ठसे. मग नाडी, खोल आणि संथ. आणि मग तो विचारतो, तहान लागते का? हा प्रश्न फार महत्त्वाचा बरं का. उलट्या-जुलाब चालू आहेत, ताप आहे, अंग दुखतंय, आणि रोगी सारखं पाणी मागतोय तर त्याला वेगळं औषध, पाणी नको म्हणतोय तर त्याला लीझोंग. आतच थंडी असेल तर पाणी मागणार कशाला, असा तो हिशोब.

(दृश्य : हेनान प्रांत, नानयांग)

हे लिहून ठेवलं झांग झोंगजिंग नावाच्या वैद्याने, साधारण इसवी सन 200 च्या सुमारास, हान साम्राज्य मोडकळीला आलं होतं तेव्हा. तो या नानयांगच्या भागातला. त्याच्या ग्रंथाची, म्हणजे शांगहान लुनची प्रस्तावना वाचताना अंगावर काटा येतो. तो म्हणतो, आमच्या कुळात दोनशेच्या वर माणसं होती, 196 पासून दहा वर्षंसुद्धा झाली नाहीत आणि त्यातली दोन तृतीयांश गेली, गेलेल्यांत दहातली सात थंडी बाधून येणाऱ्या तापाने. म्हणजे घरातली माणसं डोळ्यांसमोर जाताना बघून हे पुस्तक लिहिलंय.

आणि म्हणूनच बहुतेक, तो नुसती औषधांची नावं देऊन थांबत नाही. चारही वस्तू कुटून चाळा, मधात गोळी वळा, अंड्यातल्या बलकाएवढी. ती गरम पाण्यात कुस्करून गरमच घ्या, दिवसा तीन-चार वेळा, रात्री दोनदा. पोटात ऊब जाणवली नाही तर वाढवून तीन-चार गोळ्या घ्या. पण गोळीपेक्षा काढा चांगला, हेही तोच सांगतो, पाण्याची आठ मापं उकळून तीन करायची. आणि पुढचं नीट ऐका. काढा घेतल्यावर, एक जेवण व्हायला लागेल एवढा वेळ थांबून गरम पेज प्यायची, अंगात हळूहळू ऊब येऊ द्यायची आणि कपडे-पांघरूण काढायचं नाही.

मला अख्ख्या लीझोंगमध्ये हे शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं वाटतं. ज्याचं पोट थकलंय त्याला औषधही पचवावंच लागतं ना, मग त्या पोटाला मऊ, गरम, सहज उतरेल असं काहीतरी सोबत द्यायचं. पेज आणि पांघरूण हा त्या औषधाचाच भाग आहे. आज लीझोंगच्या तयार गोळ्या मिळतात, घ्यायला सोप्या, पण त्या घेऊन माणूस तसाच ऑफिसला पळतो आणि वर फ्रिजमधलं पाणी पितो.

(दृश्य : कढई, भाजली जाणारी माती)

आता हे बघा. चुलीतली जुनी भाजलेली माती बारीक करून कढईत तापवलीय, ती गरम होऊन भुसभुशीत हलायला लागली की त्यात बाइझूचे काप टाकायचे आणि परतत राहायचं, प्रत्येक कापावर मातीचा पातळ थर बसेपर्यंत. मग जास्तीची माती चाळून काढायची. कारण असं की चिनी विचारात पचन ज्याच्याकडे आहे ते पी नावाचं इंद्रिय पृथ्वीतत्त्वाचं, म्हणून त्याचं औषध मातीत परतायचं. यावर विश्वास ठेवा न ठेवा, पण हे काम करणाऱ्यांचे हात बघण्यासारखे असतात.

पोट सांभाळण्याचा हाच विचार पुढे, झांगनंतर हजारेक वर्षांनी, एका भयंकर प्रसंगात पुन्हा समोर आला. 1232 मध्ये मंगोलांनी काइफेंग शहराला वेढा घातला, ली दोंगयुआन नावाचा वैद्य तिथे होता. वेढा उठल्यावर माणसं पटापट मरायला लागली, तो लिहितो की शहराच्या बारा दरवाजांतून, एकेका दरवाजातून रोज हजारहून जास्त प्रेतं बाहेर जात होती, जवळजवळ तीन महिने. बाकीचे वैद्य बाहेरून आलेला रोग समजून घाम काढत होते, जुलाब देत होते. ली म्हणाला, अरे ही माणसं उपाशी आहेत, दमलेली आहेत, भीतीने खचलेली आहेत, यांचं पोटच निकामी झालंय! 1249 मध्ये त्याने नुसत्या पोटावर एक ग्रंथ लिहिला.

एक धोक्याचं पण सांगायलाच हवं. लीझोंगच्या याच चार औषधांत पुढे चीनच्या सोंग राजवटीच्या काळात पाचवं घातलं गेलं, फूझी, म्हणजे आपल्या बचनागाच्याच जातीचं मूळ. नीट शुद्ध न करता पोटात गेलं तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावतो, त्यामुळे घरी ऑनलाइन मागवून प्रयोग अजिबात नाही. आणि ज्येष्ठमधही रोज भरपूर पोटात गेला तर बीपी वाढतं, पोटॅशियम कमी होतं, बीपीच्या गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

(दृश्य : जपान, हॉस्पिटल)

जपानमध्ये हेच चार औषधांचं मिश्रण निनजिन-तो नावाने मिळतं, तेही डॉक्टरने लिहून दिलं तर इन्शुरन्समध्ये. आणि झांगचाच दुसरा एक काढा, दाइकेनचुतो, तिथल्या सर्जरी वॉर्डात पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी सुस्तावली तर देतात. त्यात जिनसेंग, सुंठ, धान्याची साखर आणि सानशो, जी कोकण-गोव्याच्या बांगड्याच्या आमटीतल्या तिरफळाची सख्खी नातेवाईक आहे. झांगने याचं लक्षण काय लिहिलंय, तर पोटाची कातडी वर उचलली जाते, आत डोकं आणि पाय असलेलं काहीतरी हलतंय असं दिसतं आणि हात लावू देत नाही इतकं दुखतं. आतड्याची हालचाल बाहेरून दिसणारा पेशंट ज्याने पाहिलाय त्याला हे वर्णन लगेच पटेल. याही काढ्यानंतर तो पेज प्यायला सांगतो, दिवसभर मऊ भातच खा म्हणतो. जपानी वॉर्डात आता औषध पुडीतल्या पावडरीचं असतं, पण ऑपरेशननंतरचं जेवण बऱ्याच ठिकाणी अजूनही तसंच चढत जातं, आधी भाताचं पाणी, मग पातळ पेज, मग घट्ट पेज, आणि मग भात.