बाहीखालची कातडी

खानापूर तालुक्यात भाताची सुगी चालू आहे. खळ्याशेजारी सावलीत टेकलेल्या मावशी साठीच्या पुढच्या. लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुल शर्ट. त्या बाही वर सारतात, आणि एकाच हाताला दोन वयं दिसतात. कोपराजवळ नितळ, मनगटाखाली डाग, भेगा, सुरकुत्या. सारा फरक उन्हाचा. उन्हातले अतिनील किरण त्वचेत खोल शिरतात, तिला ताठ ठेवणारे कोलॅजनचे धागे तोडतात.

तारुण्य परत मागण्याची हाव मात्र जुनी. महाभारतातला ययाती शुक्राचार्यांच्या शापानं अकाली म्हातारा झाला. चार मुलांनी त्याचं म्हातारपण नाकारलं, धाकट्या पुरूनं घेतलं. हजार वर्षं भोग घेऊनही ययातीचं मन भरलं नाही. मला या कथेत नेहमी पुरूच दिसतो. च्यवन ऋषींना अश्विनीकुमारांनी तरुण केलं, तेही सोमरसाच्या वाट्यावर. फुकट कुणालाच मिळालं नाही.

रसशास्त्रानं, म्हणजे पारा आणि धातूंची औषधं करणाऱ्या आयुर्वेदाच्या शाखेनं, देह अजर करण्याची आशा पाऱ्यावर ठेवली. तोच पारा आज सुरकुत्या आणि डाग घालवायच्या काही क्रीममध्ये सापडतो. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तो तयार होऊ देत नाही, म्हणून काही आठवड्यांत चेहरा उजळतो. पण तो कातडीतून रक्तात उतरतो, मूत्रपिंडाची गाळणी बिघडवतो. लघवीतून प्रथिनं जातात, पाय सुजतात. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अशी क्रीम लावणाऱ्यांत हा आजार डॉक्टरांना दिसला. एवढ्याशा उजळपणासाठी तरण्या पोरींनी मूत्रपिंड पणाला लावावं, याचा मला संताप येतो.

याउलट ऑस्ट्रेलियात नऊशेवर लोकांना साडेचार वर्षं तपासलं. २०१३ साली निष्कर्ष छापून आला: रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झाली होती. गेलेलं तारुण्य परत आलं नव्हतं. पुढची झीज तेवढी मंदावली होती.

मावशींची नात बेळगावला कॉलेजला जाते. सुट्टीची म्हणून आज खळ्यावर आली आहे. तिच्या पर्समधून एक डबी निघते. डबीवर ना कंपनीचं नाव, ना आत काय आहे त्याची यादी. मावशी ती उलटीपालटी करून बघतात, बाजूला ठेवतात. मग दोरीवरचा दुसरा शर्ट काढून नातीच्या अंगावर टाकतात.

"हे घाल अगोदर. ऊन चढलंय बघ."