पाऽगो की पागोऽ?

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय स्पॅनिश क्रियापदांवरचा आघात, म्हणजे शब्दात जोर कुठं द्यायचा ते. पण आधी स्पेनमधल्या सालामांका शहरातला किस्सा सांगते, नाहीतर वेळ संपते आणि तो राहून जातो.

तिथं भाषा शिकत होते तेव्हाची गोष्ट. एकदा मैत्रिणीला म्हटलं, आज पैसे मी देणार. कोपऱ्यावरच्या बारमध्ये तोर्तिया खाल्ला, म्हणजे अंडं-बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट. त्यात कांदा घालावा की नाही, यावर स्पेनमध्ये घराघरांत भांडणं आहेत. माझ्या मते कांदा हवाच! असो. मैत्रीण दाराशी जाऊन उभी राहिली. मी गर्दीत पाकीट उंचावून मालकांना ऐटीत म्हणाले, "पागोऽ!" त्यांनी दाराकडं बघितलं, मान डोलावली, "ग्राथियास!" म्हणजे धन्यवाद म्हणाले आणि बशा उचलल्या. मी पुन्हा, "पागोऽ, पागोऽ!" ते पुन्हा, "सी, सी, ग्राथियास!" म्हटलं, काय दिलदार माणूस! आम्ही निघालो. दहा पावलं गेलो नाही तोच पोऱ्या बिल फडकावत मागे धावत आला.

झालं होतं काय? पाऽगो म्हणजे मी पैसे देते. पागोऽ म्हणजे तिनं दिले. पुन्हा ऐका: पाऽगो, देते. पागोऽ, दिले. मी तीनतीनदा बजावून सांगितलं होतं की दाराशी उभी आहे ना, तिनं दिलेत!

नियम सोपा आहे. शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर; अवयव म्हणजे शब्दाचा एका दमात उच्चारला जाणारा तुकडा. दुसरं काही असेल तर शेवटच्यावर, जसं आब्लाऽर, बोलणे. नियम मोडला की स्वरावर तिरकी रेघ देतात. पागोऽच्या ओवर ती असते. आणि अवयव पाडताना आपल्या सवयीनं आब्-लो नको. आ-ब्लो. ब आणि ल एकत्रच राहतात. आऽब्लो, मी बोलते. आब्लोऽ, तो बोलला.

स्पॅनिशवाल्यांनी निदान रेघ तरी दिली. आपण 'जग' लिहितो; दुनिया की जगण्याची आज्ञा, ते वाचणाऱ्यानं ओळखावं! हल्लीच्या निवेदकांना तर दोन्ही 'ज' सारखेच.

मालकांनी पैसे घेतले, वर दोन ऑलिव्ह दिली. पुढं मी दारात दिसले की ते काउंटरमागून ओरडून नमस्कार करायचे, "ओला, पागोऽ!"