टवका उडालाय? आधी ब्रश खाली ठेवा!

नमस्कार मंडळी! विमानांची छोटी मॉडेल रंगवणाऱ्यांच्या कमेंटमध्ये पुन्हा पुन्हा तेच: "त्याच बाटलीतला रंग लावला, तरी टच-अपचं ठिगळ दिसतंच." चला, आज याचा निकाल लावू.

बाकीचं पटापट. मॉडेल साबणाच्या पाण्याने धुवा, प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, मारा, रंगाचे पातळ हात द्या, मधे वाळू द्या. हे तुम्हाला येतं.

आता हा पंख बघा. मास्किंग टेप ओढताना टवका उडालाय, खालचा राखाडी प्रायमर दिसतोय. लगेच थेंब टेकवायचा मोह होतो ना? थांबा! खड्डा भरेल, पण टवक्याची कड तशीच राहील. डोळ्यात खुपते ती कड.

हिशेबच करा. रंगाचा थर ०.१ मिमी धरला, तर १/७२ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मॉडेलवर, ती खऱ्या विमानावरची ७ मिमीची पायरी झाली! असं विमान कुणी पाहिलंय?

म्हणून आधी कड मोडा. १५०० नंबरचा वॉटर पेपर भिजवून हलक्या हाताने. किती? टॉर्च आडवा धरा. कडेला सावली पडतेय? अजून घासा. सावली गेली की पुसा आणि मगच ब्रश.

एक दादा लिहितात, "एवढा खटाटोप कशाला, जाड थर दिला की झाकलं जातं." अहो दादा, पॅनल लाइनपण, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या कोरीव रेघा, झाकल्या जातात! मग बसा कोरत.

माझ्या भाच्याकडे १/१४४चं सॅटर्न ५ रॉकेट आहे, पाऊण मीटरहून उंच. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सीमेवर काळा रंग टेपखाली झिरपला, आणि पठ्ठ्याने वरून पांढऱ्याचा जाड लेप दिला. खोलीच्या दारातून उंचवटा दिसतो! टेप लावल्यावर आधी पांढराच फवारला असता, तर फटी पांढऱ्यानेच बुजल्या असत्या. तर तिथेही तेच, घासा, कड मोडा, मग रंग.

आता ते बाटलीचं. रंग तोच असला तरी एअरब्रशने (हवेने फवारून) मारलेल्याची चमक वेगळी, ब्रशने लावलेल्याची वेगळी. टच-अप वाळला की सगळ्या मॉडेलवर एकच मॅट (बिनचमकीचं) वार्निश मारा, फरक बुजतो. फक्त डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं-खुणा) राहिले असतील तर मॅटची घाई नको. खरखरीत रंगावर डिकलखाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतात. आधी ग्लॉस (चकचकीत) वार्निश, मग डिकल, मॅट शेवटी.